नबीलालचाचांचा तुरा

नबीलालचाचा गिऱ्हाइकाला आधी भिंत विचारायचे. माणूस फोटो घेऊन दुकानाची पायरी चढला की फोटोकडे ढुंकूनही न बघता विचारणार, "कुठल्या भिंतीला लावणार?" बहुतेक लोक गडबडायचे. फ्रेम करायला आलेल्या माणसानं भिंतीचा विचार कुठं केलेला असतो? मग चाचांचा आवाज चढायचा. "भिंत म्हाईत न्हाय आन फ्रेम करायला आलासा व्हय? उजेड कुठनं येतोय? समोर कोण बसतंय? जावा, घर बगून या." आणि खरोखर परत पाठवायचे. तणतणत गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी मोबाइलवर भिंतीचा फोटो काढून मुकाट्यानं हजर व्हायचा, आणि चाचा तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन असा बघायचे की जणू मुलगी द्यायची आहे त्या घरात.

कोल्हापुरात पापाच्या तिकटीकडून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमची दुकानं एकमेकांना लागून होती. त्यांचं फ्रेमचं, माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं. मधे फळ्यांचं पार्टिशन. त्याच्या फटीतून त्यांच्या उकळत्या सरसाचा वास माझ्याकडं यायचा आणि माझ्या मशीनचा आवाज त्यांच्याकडं जायचा. सरसाचा वास काही चांगला नसतो, पण अठरा वर्षं तो घेतल्यावर आता तो येत नाही म्हणून मला दुकानात करमत नाही. चाचा माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. उंच, खांद्यातून वाकलेले, कानावर पेन्सिल, बोटांवर काचेच्या बारीक बारीक कापलेल्या खुणा. मला 'संपतराव' म्हणायचे, आणि चिडले की 'ओ झेरॉक्सवालं'. ते गेल्यापासून त्यांच्याबद्दल गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. त्या सगळ्यांचा मला राग येतो. त्यात मी स्वतःलाही धरतो.

त्यांचा स्वभाव कळायला एक गोष्ट पुरेल. एकदा एक डॉक्टर चित्र घेऊन आले. नदीच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांचं झकास रंगीत चित्र होतं, आणि उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची बारीक सही. डॉक्टर म्हणाले, "चित्राभोवतीचा पुठ्ठा जरा आत घ्या, म्हणजे ती सही झाकली जाईल. आमच्या मुलीनं काढलंय म्हणून हॉलमध्ये लावायचंय." इतक्या सरळपणे सांगितलं की मीसुद्धा फटीतून ऐकत थांबलो.

"पोरीनं काडलंय तर पोरीला करू द्या की सही," चाचा म्हणाले. "दुसऱ्याची कशाला झाकताय?"

"तुम्हाला काय करायचंय? सांगितलं तेवढं करा."

चाचांनी चित्राची गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली. "ज्यानं काडलंय त्याचं नाव उजेडात ऱ्हाणार, डॉक्टर. भाईर काय करायचं ते करा, माज्या दुकानात न्हाय."

मात्र स्वतःचं नाव त्यांनी कधी फ्रेमच्या समोर घातलं नाही. फ्रेमच्या पाठीला जो खाकी कागद डकवायचे, त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीनं लिहायचे: 'नबीलाल, कोल्हापूर' आणि त्या दिवसाची तारीख. मी एकदा विचारलं, समोर का नाही? "समोर चित्र हाय की," म्हणाले, आणि मलाच वेड्यात काढल्यासारखं बघितलं.

त्यांची खरी ओळख म्हणजे तुऱ्याची फ्रेम. आमच्याकडं ऊस कुणी नव्यानं बघायला नको, पण उसाला तुरा आला की शेतकऱ्याचं तोंड कडू होतं, कारण मग वजन घटतं. चाचांना तुरा आवडायचा. एका थंडीत हातकणंगल्याला बहिणीकडं जाताना एसटीच्या खिडकीतून त्यांना तुऱ्याला आलेला फड दिसला, सगळे तुरे वाऱ्यानं एका बाजूला कललेले. घरी येऊन त्यांनी हमीदाचाचींचा मेंदीचा कोन मागितला. चाची नवऱ्यामुलींच्या हातावर मेंदी काढायच्या, पेठेत त्यांचं नाव होतं. चाचांनी कोनात मेंदीऐवजी खडूची पूड आणि सरस कालवून भरला आणि लाकडी पट्टीवर तुरा काढला, एकेक केस सुटा दिसेल असा. वाळल्यावर वरून सोनेरी रंग, आणि रंग ओला असतानाच कापडानं पुसून घ्यायचा, म्हणजे उंचवट्यावर सोनं राहतं आणि खोलात काळसर सावली. चार कोपऱ्यांत चार तुरे, चारी एकाच दिशेला झुकलेले. फ्रेमभोवती वारा फिरतोय असं वाटायचं. "कोन बायकोचा, हात माजा," असं ते सांगायचे, आणि चाची आतून म्हणायच्या, "अक्कल बी मेरीच हाय."

त्या चार तुऱ्यांतला खालच्या डाव्या कोपऱ्यातला तुरा आखूड असायचा. नवीन माणसाला ती चूक वाटायची. पण चाचांनी शेकडो वेळा लोकांना फ्रेम भिंतीला लावताना बघितलं होतं. उजव्या हातानं खिळा चाचपायचा आणि डाव्या हातानं खालचा डावा कोपरा घट्ट धरायचा, ही सगळ्यांची रीत. त्या पकडीत नक्षी मोडते. म्हणून तिथं तुरा बोटभर कमी. हे त्यांनी कुणाला मुद्दाम सांगितलं नाही.

आता त्यांची दुसरी रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या रीतीपायी झालं. कोल्हापूरच्या पावसात भिंती चार महिने ओल धरतात. फ्रेमच्या पाठीचा कागद दमट होतो, त्याला कसर लागते, आणि कसर कागद संपवून फोटोत शिरते. म्हणून पाऊस आटोपला आणि नवरात्र जवळ आलं की चाचा गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला दम द्यायचे. "ओ पावणं, फ्रेमची पाठ बगितलासा काय? घेऊन या, बदलून देतो." लोक आपापल्या फ्रेमा काखोटीला मारून यायचे. चाचा जुना कागद फाडून काढायचे, आतला पुठ्ठा उन्हाला लावायचे, नवा कागद डकवायचे आणि त्याच्यावर पेन्सिलीनं नवी तारीख टाकायचे. ह्याचं ते काही घ्यायचे नाहीत. केलेल्या कामाची जबाबदारी म्हणायचे. फाडलेले जुने कागद सरसाच्या भांड्याखालच्या शेगडीत जायचे. आठ-दहा दिवस दुकानात नुसता धूर.

मग एका वर्षी पुण्याहून मॅडम आल्या. घरसजावटीच्या वस्तू विकणारी कुठलीशी कंपनी होती, त्यात त्या कामाला. वागायला अतिशय मऊ. चाचांच्या बुटक्या स्टुलावर तीन दिवस बसल्या, दर वाक्याला 'उस्ताद' म्हणाल्या, चाचींच्या हातची मेंदी लावून घेतली. उभ्या जन्मात चाचांना कुणी उस्ताद म्हटलं नव्हतं. त्यांनी कोन कसा धरायचा इथपासून रंग कधी पुसायचा इथपर्यंत सगळं दाखवलं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी खाका मागितला. खाका नव्हताच. चाचा सरळ पट्टीवर हात चालवायचे. पण पाव्हण्या बाईला नाही कसं म्हणायचं? त्यांनी मोठ्या कागदावर पुरा तुरा काढून दिला, चारी कोपऱ्यांसह. मॅडम तो घेऊन माझ्याकडं आल्या. कागद मशीनवर मावेना, म्हणून मी चार तुकड्यांत झेरॉक्स काढली आणि चिकटपट्टीनं जोडून दिली. मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता! आमच्या गल्लीतल्या माणसाचं काम शिकायला पुण्याहून लोक येतात, असं मी चार जणांना सांगितलं. जाताना मॅडमनी झेरॉक्स चाचांना दिली आणि मूळ कागद स्वतःकडं ठेवला. "उस्ताद, तुमच्या हातचं आहे, मी जपून ठेवीन."

त्यांनी शब्द पाळला, एवढंच म्हणतो.

वर्षा-दीड वर्षानं पुण्यात नोकरी करणारे आमच्या पेठेतले एक गृहस्थ काच फुटलेली फ्रेम घेऊन आले. "चाचा, मॉलमधनं घेतली. आगदी तुमच्यासारखीच हाय बघा." चाचांनी ती हातात घेतली. लाकूड नव्हतं, साच्यात ओतलेला कसलासा प्लॅस्टिकचा माल, वजनाला हलका. पण तुरे तेच, कलही तोच. चाचांनी खालच्या डाव्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि मोठ्यानं हसायला लागले. "येडी रं येडी! बारका तुरा बी उचललाय. कशाला बारका केलाय त्ये तरी इचारायचं की मला!" रागावले अजिबात नाहीत. नवी काच घालून दिली, पाठीला कागद डकवला आणि त्या कागदावर स्वतःचं नाव मात्र लिहिलं नाही. "फ्रेम माजी न्हाय ही," म्हणाले. मी आत टायपिंग करत होतो. मलाही ते सगळं गमतीचंच वाटलं.

नोटीस आली ती मॅडमच्या कंपनीची, इंग्रजीत, रजिस्टर पोस्टानं. चाचा ती घेऊन माझ्या काउंटरला टेकले आणि मी वाचून मराठीत सांगू लागलो. तुऱ्याचं हे डिझाइन कंपनीनं रीतसर नोंदवलेलं आहे. आपण त्याची नक्कल करून विकत आहात. ताबडतोब थांबवावं, तयार माल आणि साचे जमा करावेत, लेखी माफी द्यावी. पुढं डिझाइनचं वर्णन होतं. त्यात लिहिलं होतं की खालच्या डाव्या कोपऱ्यातला आखूड तुरा हे या डिझाइनचं खास वेगळेपण आहे, आणि आपल्या मालातही तो जसाच्या तसा आढळतो, यावरून नक्कल सिद्ध होते.

हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही. चाचांनी उजवा हात उचलून माझ्या मशीनच्या काचेवर पालथा ठेवला.

"साचं जमा करा म्हंत्यात न्हवं? साचा ह्यो हाय. तोडून द्यू काय?"

मी त्यांना माझ्या ओळखीच्या वकिलांकडं नेलं. वकील सज्जन होते, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी सगळं ऐकून सांगितलं की कंपनीनं हे डिझाइन नवं आहे असं लिहून देऊन नोंद केली आहे. ते नवं नव्हतं, त्यांच्या अर्जाच्या आधीपासून कोल्हापुरात घरोघरी होतं, एवढं दाखवलं की त्यांची नोंद रद्द करून मागता येते. "तुमची पावती पुस्तकं?"

चाचा पावती देत नसत. गिऱ्हाइकाचं नाव खडूनं दुकानाच्या फळीवर लिहायचे आणि काम दिलं की पुसायचे.

"जुने फोटो? कुणाच्या घरातले, ज्यात फ्रेम दिसते?"

फोटो मिळाले तीन-चार. त्यात बारशाची गर्दी, केकवर वाकलेली पोरं, आणि मागं भिंतीवर एक अंधूक सोनेरी रेघ. लोक चित्राचा फोटो काढतात, फ्रेमचा कोण काढतो?

"आणि तो खाका? मूळ कागद?"

"मॅडमकडं हाय," चाचा म्हणाले.

वकिलांनी डोळे मिटले. मी म्हणालो, मी साक्ष देतो, झेरॉक्स मीच काढलीय. ते म्हणाले, शेजाऱ्याच्या बोलण्याला फार वजन नसतं, तारखेची वस्तू हवी. "तुम्ही पाठीवर तारीख टाकता ना? मग कंपनीच्या अर्जाच्या आधीची तारीख असलेली एक फ्रेम आणा. एकच पुरे."

"एक?" चाचा हसले. "शंभर आनतो की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो, माझ्या स्कूटरवर. पहिल्यांदा पेठेतल्या तालमीत गेलो. तिथं जुन्या पैलवानाचा फोटो चाचांच्या तुऱ्यात होता, चांगला दहा-बारा वर्षांपूर्वीचा. चाचांनी तो स्वतः उतरवला, पालथा केला आणि थांबले. नवा करकरीत खाकी कागद, त्यावर गेल्या नवरात्रातली तारीख. त्यांच्याच अक्षरात. तालमीचे वस्ताद कौतुकानं म्हणाले, "तुमीच बदलून दिलासा की चाचा, ध्यानात न्हाय व्हय?"

तिथून एका शाळामास्तरांच्या घरी. तिथंही तेच. तिथून एका किराणा दुकानात, तिथून दोन घरांत. सगळीकडं लोक चहा करायचे, चाचांच्या कामाचं गुणगान करायचे आणि पाठ दाखवायचे. जितका माणूस चांगला आणि वस्तू जपणारा, तितका तो वक्तशीर पाठ बदलून गेलेला. स्वतःच्या हातानं चाचांनी दरवर्षी आपला पुरावा फाडला होता आणि त्यावर सरस उकळला होता. आठव्या घरात तर त्यांनी फ्रेम उतरवलीसुद्धा नाही. लांबूनच बघून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. गेल्या सालचीच असंल."

तालमीतली पोरं संध्याकाळी दुकानापुढं जमली. "चाचा, आमी हाय की! कंपनीला कोल्हापुरी हिसका दावतो." भरपूर आवाज केला, माझ्याकडचा चहा प्यायली आणि गेली. आमच्याकडं तालमींचे फुटबॉल संघ असतात; पुढच्या मोसमात ह्या तालमीच्या जर्सीवर त्याच कंपनीच्या इथल्या विक्रेत्याचं नाव झळकलं. आमच्या गावाला हिसका दाखवायची फार हौस. कुणाला दाखवायचा हे मात्र समोरचा माणूस बघून ठरतं.

आक्कांची आठवण चाचींना झाली. हातकणंगल्याच्या पलीकडं एका खेड्यात आक्का राहायच्या. त्यांचे मालक आणि चाचा तरुणपणी एका तालमीत घुमलेले. मालक वारले तेव्हा त्यांच्या फोटोला चाचांनी तुऱ्याची फ्रेम करून दिली होती, अगदी सुरुवातीच्या दिवसांत. ती फ्रेम पाठ बदलायला कधीच आली नाही. आम्ही गेलो. आक्का गोठ्यातून हात पुसत आल्या, चाचांना बघून पदर सावरत म्हणाल्या, "नबीलालभावजी, किती वर्सांनी आलासा!" फ्रेम समोरच्याच भिंतीवर होती.

"आक्का, पाठ बदलायला का आनली न्हाईसा कवा?"

"ह्यास्नी भिंतीवरनं उतरवायचं म्हंजे माज्या जिवावर यायचं बगा."

चाचांनी स्टुलावर चढून ती हलकेच उतरवली. पाठीचा कागद पिवळा पडला होता, कडा कसरीनं कुरतडल्या होत्या, पण खालच्या कडेला अक्षर स्पष्ट होतं. नबीलाल, कोल्हापूर. आणि तारीख, कंपनीच्या अर्जाच्या कितीतरी आधीची. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या एकदाच बघितलं. आक्कांना कायदा-बियदा कळला नाही, पण भावजींचं काहीतरी अडलंय एवढं कळलं. त्यांनी आपल्या जुन्या लुगड्यात फ्रेम गुंडाळून दिली. "काम झालं की आणून द्या बरं का. भिंत ओकीबोकी दिसती."

वकिलांनी पाठ उजेडात धरली, चष्मा काढला, पुन्हा घातला. "चाचा, हे पेन्सिलीनं लिहिलंय."

"व्हय."

"पेन का नाही वापरला हो?"

"पेनाची शाई ओलीत उतरती सायेब. चार पावसाळ्यांत फोटोवर डाग. पाठीवर पेन चालवनारा फ्रेमवाला म्हंजे कसाई."

"तुमचं बरोबर आहे. पण समोरचा वकील म्हणणार, पेन्सिलीनं हे काल रात्रीसुद्धा लिहिता येतं. जुना कागद घ्यायचा आणि जुनी तारीख टाकायची."

पोटच्या पोरानं उलटं बोलावं तसं झालं चाचांना. वकिलांनी धीर दिला. अगदीच सोडायला नको. डिझाइन नोंदवायची कचेरी कोलकत्त्याला, अर्ज तिकडं करावा लागेल. आक्कांचं प्रतिज्ञापत्र घेऊ, कागदाची तपासणी मागू. फ्रेम मात्र पुरावा म्हणून तिकडं द्यावी लागेल.

"आक्काचं मालक तिकडं किती दिस ऱ्हानार?" चाचांनी विचारलं.

"सांगता येत नाही. वर्ष, दोन वर्षं. जास्तही."

आम्ही फ्रेम परत घेऊन आलो. चाचांनी ती दुकानातल्या फळीवर भिंतीकडं तोंड करून उभी केली, आणि ती तशीच राहिली. नोटीस आल्यापासून त्यांनी तुरा काढायचा बंद केला होता. बाजारातल्या तयार प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापायचे, चार खिळे मारायचे, द्यायचे. गिऱ्हाइकाशी भांडणसुद्धा होईना. चाची मला पार्टिशनच्या फटीतून सांगायच्या, "भैया, ह्या माणसाला काय तरी सांगा. जेवताना ताटात आमटीचं तुरं काडत बसतंय. परवा मळलेल्या कणकंवर काडला." त्यांच्या हातातून तुरा जात नव्हता आणि तो कुठं ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं.

आणि मग मॅडम परत आल्या. तेवढ्याच मऊ. कंपनीचं मन मोठं आहे, उस्तादांचा रोजगार जावा अशी आमची इच्छा नाही, आम्ही तुम्हाला परवाना देतो. तुम्ही तुरा काढा, तुमच्या दुकानात विका. फक्त प्रत्येक फ्रेमच्या मागं आमचं स्टिकर लावायचं. करारात एक कलम होतं, ते मी चाचांना तीन वेळा वाचून दाखवलं. हे डिझाइन माझं आहे असं मी कधीही, कुठंही म्हणणार नाही आणि कंपनीच्या हक्काला आव्हान देणार नाही.

"चाचा, सही करू नका," मी म्हणालो. "लढू. मी येतो कोलकत्त्याला."

"मला काडायचाय, संपतराव. नाव नगं. काडायला मिळाला म्हंजे झालं."

"ज्याचं त्याचं नाव उजेडात ऱ्हाणार म्हणणारे तुम्ही!"

मी ते ओरडून म्हणालो, मॅडमसमोर. माझ्याच काउंटरवर, माझ्याच पेनानं चाचांनी सही केली, आणि कराराची प्रत मीच काढून दिली. नंतर चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. खरं सांगायचं तर मला त्यांच्यापेक्षा माझाच राग आला होता, पण स्वतःशी अबोला धरता येत नाही.

पाचव्या दिवशी फटीतून कागद टर्रकन फाटल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखत होतो. धावत गेलो. आक्कांची फ्रेम पालथी पडली होती आणि चाचा पाठीचा पिवळा कागद फाडत होते.

"चाचा, थांबा! तेवढा एकच उरलाय!"

"कसर लागलीया बगा. आत पुठ्ठ्यापत्तूर आलीया. फोटोत शिरली तर आक्काला काय तोंड दावू?" फाडलेला कागद त्यांनी मुठीत चुरगळून शेगडीत टाकला. सरस होताच वर. पुठ्ठ्याला ऊन दाखवलं, नवा कागद डकवला, कडा बोटांनी दाबून घेतल्या. मग कानावरची पेन्सिल काढून नाव आणि आजची तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जाऊन फ्रेम आक्कांच्या भिंतीवर लावून आले. आल्यावर मला म्हणाले, "चा सांगा की," आणि आमचा अबोला मिटला.

त्यानंतर ते वर्षभर होते. तुरा काढत होते, आणि मला वाटतं हात पूर्वीपेक्षा जास्त चांगला चालत होता. शेवटचे माझ्या डोळ्यांपुढं येतात ते दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातले. नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं होतं. मुलीनं दारात टांगलेली फ्रेम काढून पालथी केली आणि स्टिकर वाचलं. "अहो, ही त्या पुण्याच्या कंपनीची डिझाइन. माझ्या मैत्रिणीकडं आहे."

नवरा म्हणाला, "चाचा, ओरिजनल हाय न्हवं? डुप्लिकेट नको आमास्नी. लई जण कापी मारत्यात म्हनं."

मी चहाचे कप घेऊन पायरीवर उभा होतो. मला वाटलं, आता चाचांचा आवाज चढणार, आता ह्याला घालवून देणार. चाचांनी शांतपणे ड्रॉवर उघडला, करारपत्राची झेरॉक्स काढली, उलगडून काउंटरवर पसरली.

"परवानगी हाय कंपनीची. ही बगा, शिक्का हाय."

मुलीनं कागद खाली वाकून नीट वाचला. नवऱ्यानं शिक्क्यावर बोट ठेवून खात्री करून घेतली आणि मान डोलावली. मी तोंड उघडलं होतं. एवढ्यात चाचांनी त्या दोघांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं आणि 'नको' म्हणून मान हलवली. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवली. मी त्यांचा कप काउंटरवर ठेवला आणि माझ्या दुकानात जाऊन बसलो.